डिझेल घ्यावे की पेट्रोल?

(तृतीय वर्ष, कला — अर्थशास्त्र)

कला शाखेच्या विद्यार्थ्याने इंजिनावर लेख लिहावा, याचे काही वाचकांना नवल वाटेल. इंजिन हा विषय तंत्रनिकेतनाचा; आमचा विषय संतवाङ्मय, राज्यघटना आणि फार तर मागणी-पुरवठ्याचा नियम, अशी आपल्याकडे एक सोयीची वाटणी झालेली आहे. पण मित्रहो, आपल्या वर्गातून बाहेर पडणाऱ्या पदवीधरांकडे एकदा नीट पाहा. त्यांतले काही शिक्षक होतील, काही स्पर्धा परीक्षांच्या अभ्यासिकेत चार-पाच वर्षे बसतील, आणि बरेचसे शेवटी एक गाडी घेतील. घरचा थोडा पैसा, बँकेचे किंवा पतसंस्थेचे कर्ज, एखाद्या नातेवाइकाचा जामीन, आणि दारात उभी राहिलेली व्हॅन! कोणी तिच्यातून शाळेची मुले नेतो, कोणी वडाप करतो, कोणी लग्नाची वऱ्हाडे आणि देवदर्शनाच्या सहली. पदवीधर तरुणाच्या आयुष्यातला पहिला मोठा आर्थिक निर्णय पुष्कळदा हाच असतो. आणि त्या निर्णयात पहिला प्रश्न असतो तो हा : डिझेल घ्यावे की पेट्रोल?

या प्रश्नाचे उत्तर गावोगावी तयारच असते. पारावरचे वडीलधारे, गॅरेजमधला मिस्त्री, आधी गाडी घेतलेला मामा, सगळे एकमुखाने सांगतात, ‘‘धंद्यासाठी गाडी घ्यायची तर डिझेलचीच घे. पेट्रोलची गाडी साहेबांनी घ्यावी.’’ हे उत्तर एके काळी अगदी बरोबर होते. आज ते अर्धेच बरोबर आहे, आणि उरलेल्या अर्ध्या भागापायी काही जण कर्जात अडकत आहेत व पुष्कळ जण धूर गिळत आहेत, असे माझे प्रामाणिक मत आहे. ते मत कसे बनले, हे क्रमाने सांगतो.

प्रथम या दोन इंजिनांत फरक काय, ते पाहू. निकोलाउस ओटो या जर्मन गृहस्थाने १८७६ मध्ये चार टप्प्यांचे इंजिन यशस्वी करून दाखविले. आजचे पेट्रोल इंजिन हे त्याचेच वारस. यात इंधन आणि हवा यांचे मिश्रण दाबले जाते आणि स्पार्क प्लगची ठिणगी टाकून पेटविले जाते. मिश्रण फार दाबले तर ते ठिणगीची वाट न पाहता अवेळी पेटते, म्हणून दाबण्यावर मर्यादा येते. साधारणपणे ते मूळ आकारमानाच्या नवव्या ते बाराव्या हिश्शापर्यंत दाबतात.

रुडॉल्फ डिझेल याने वेगळा विचार केला. त्याने नुसती हवाच दाबली, आणि ती पंधरा-वीस पट दाबली. सायकलच्या टायरमध्ये हवा भरताना पंपाचे तोंड गरम होते, हे आपण सर्वांनी अनुभवले आहे. तीच गोष्ट येथे इतक्या तीव्रतेने घडते की हवा पाचशे अंशांच्याही वर तापते. त्या तप्त हवेत इंधनाचा फवारा सोडला की ते आपोआप पेट घेते, ठिणगीची गरजच नाही. जास्त दाबामुळे इंधनातली अधिक शक्ती कामी येते. १८९७ मध्ये आउग्सबुर्ग येथे त्याचे इंजिन चालले, तेव्हा इंधनातल्या उष्णतेचा सुमारे चौथा हिस्सा कामात उतरला. त्या काळची सामान्य वाफेची इंजिने दहाव्या हिश्शाच्या आसपास घुटमळत होती.

या डिझेलविषयी कला शाखेच्या वाचकांना आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. त्याच्या मनातले मूळ चित्र प्रचंड जहाजांचे नव्हते. वाफेची मोठी यंत्रे फक्त बड्या कारखानदारांना परवडतात आणि लहान कारागीर त्यांच्यापुढे चिरडला जातो, हे त्याला खुपत होते. लहान माणसाला आपल्या पायावर उभे करणारे, काटकसरी इंजिन द्यावे ही त्याची इच्छा. १९०३ मध्ये त्याने ‘सोलिडारिस्मुस’ नावाचे एक पुस्तकही लिहिले. ते इंजिनाचे नव्हे, समाजरचनेचे पुस्तक आहे. १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याच्या जातीचे एक लहान इंजिन चक्क शेंगदाण्याच्या तेलावर चालवून दाखविण्यात आले होते. १९१३ च्या सप्टेंबरात इंग्लंडला जाणाऱ्या बोटीवरून तो नाहीसा झाला आणि पुढे समुद्रात त्याचा मृतदेह सापडला. त्याचे इंजिन पुढे जहाजांत, पाणबुड्यांत आणि आगगाड्यांत गेले. पण लहान माणसाला पायावर उभे करण्याचे त्याचे स्वप्न कोठे थोडेबहुत खरे झाले असेल, तर ते आपल्याकडच्या टेम्पोत आणि मॅटाडोरमध्ये!

‘टेम्पो’ हा शब्द आपण इतका आपला करून टाकला आहे की तो मूळचा हँबुर्गच्या एका कंपनीच्या गाडीचे नाव आहे, हे कोणाच्या ध्यानीही येत नाही. त्या कंपनीच्या सहकार्याने नवलमल फिरोदिया यांच्या पुढाकाराने १९५८ मध्ये बजाज टेम्पो ही कंपनी निघाली. आधी तीनचाकी, मग मॅटाडोर, आणि १९८७ पासून ट्रॅव्हलर. मॅटाडोरमध्ये पुढे मर्सिडीझ-बेन्झच्या परवान्याने बनलेले डिझेल इंजिन आले आणि त्या गाडीने ग्रामीण महाराष्ट्राची ने-आण अंगावर घेतली. शेतमाल, दुधाचे कॅन, बँडचे सामान, परीक्षेला जाणारी मुले, सगळे तिच्यात मावले. दहा-पंधरा माणसे भरून घाट चढायचा तर कमी फेऱ्यांवरच जोरदार खेच देणारे इंजिन हवे, आणि ती खेच डिझेलची. शिवाय एका लिटर डिझेलमध्ये एका लिटर पेट्रोलपेक्षा सुमारे दहा ते पंधरा टक्के जास्त ऊर्जा असते. यंत्राची काटकसर आणि इंधनाचा कस असा दुहेरी फायदा. म्हणून वडीलधाऱ्यांचा सल्ला हा अडाणीपणाचा मुळीच नव्हता. तो अनुभवाचा होता.

पण त्या अनुभवात एक तिसरी गोष्ट मिसळलेली होती, आणि ती इंजिनाची नव्हती. ती होती सरकारी किमतीची.

अर्थशास्त्राचा विद्यार्थी म्हणून येथे थोडे गणित मांडतो; कंटाळा करू नये. मध्यम आकाराची एक व्हॅन धरा, जी दोन्ही इंजिनांत मिळते असे समजू. पेट्रोलची गाडी लिटरला १२ किलोमीटर ॲव्हरेज देते आणि डिझेलची १६. हे आकडे हिशेबापुरते धरलेले आहेत. ज्याने त्याने आपल्या गाडीचे घालावेत. २०१२ च्या मे महिन्यात दिल्लीत पेट्रोल ७३ रुपयांच्या आसपास होते आणि डिझेल ४१ रुपयांच्या आसपास. म्हणजे पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे ६ रुपये ८ पैसे, आणि डिझेलच्या गाडीला २ रुपये ५६ पैसे. फरक साडेतीन रुपयांचा! आता घटकाभर असे समजा की दोन्ही इंधने ४१ रुपयांनाच मिळत होती. मग पेट्रोलच्या गाडीचा खर्च ३ रुपये ४२ पैसे होतो, आणि फरक उरतो ८५ पैशांचा. याचा अर्थ असा की त्या साडेतीन रुपयांत यंत्राचे श्रेय ८५ पैशांचे, आणि उरलेले अडीच रुपयांहून अधिक केवळ किमतीतल्या तफावतीचे. आपण मात्र सगळेच श्रेय इंजिनाला देऊन मोकळे झालो.

ही तफावत नैसर्गिक नव्हती. शेतकऱ्याचा पंप, मालाचा ट्रक आणि एस.टी.ची गाडी यांना झळ लागू नये म्हणून डिझेल मुद्दाम स्वस्त ठेवले गेले. हेतू चांगला होता. पण पंपावर डिझेल भरताना कोणी सातबारा दाखवावा लागत नाही. त्यामुळे शेतकऱ्यासाठी सोसलेला तोटा ऐषारामी मोटारींच्या टाक्यांतही जाऊ लागला. जून २०१० मध्ये पेट्रोलच्या किमती सरकारी नियंत्रणातून मोकळ्या झाल्या. डिझेल मात्र मागे राहिले, आणि मधल्या काळात ही दरी सर्वांत रुंद झाली. जानेवारी २०१३ पासून डिझेल हळूहळू वाढवीत नेले, आणि ऑक्टोबर २०१४ मध्ये तेही मोकळे केले. २०२० च्या जूनमध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलपेक्षा काही पैशांनी महाग झाले. असे त्यापूर्वी कधी घडले नव्हते. २०२४ मध्ये मुंबईत दोहोंतला फरक बारा-चौदा रुपयांचा होता. ज्या पायावर जुना सल्ला उभा होता, त्या पायाचे निम्म्याहून अधिक दगड निघून गेलेले आहेत.

हे केवळ आपल्याच देशात घडते असे नाही. अमेरिकेत मोठी व्हॅन म्हटले की पेट्रोलचे अवजड इंजिन हा रिवाज. फोर्ड कंपनीची इकोनोलाइन १९६१ पासून तिथे धावली. १९८० च्या दशकात तिला डिझेल इंजिनही मिळू लागले, पण २०१० नंतर ते बंद झाले. युरोपात उलट, मालाची किंवा माणसांची व्हॅन म्हणजे बहुधा डिझेल. याच कंपनीची ट्रान्झिट ही गाडी १९६५ पासून ब्रिटनमध्ये प्रसिद्ध. युरोपातल्या रस्त्यांवर ती डिझेलची म्हणूनच ओळखली गेली. २०१४ मध्ये तीच गाडी अमेरिकेत विक्रीस आली, तेव्हा तिच्यात मुख्यत्वे पेट्रोलची सहा सिलिंडरची इंजिने बसविण्यात आली. डिझेलचा पर्याय होता, पण काही वर्षांतच तो काढून टाकला गेला. सांगाडा तोच, काम तेच, कंपनीही तीच. मग इंजिन का बदलावे? एक मोठे कारण करात आहे. अमेरिकेचा केंद्रीय कर गॅलनमागे पेट्रोलवर १८.४ सेंट आणि डिझेलवर २४.४ सेंट, असा डिझेलवरच जास्त. युरोपातल्या बहुतेक देशांनी मात्र वर्षानुवर्षे डिझेलवर कमी कर ठेवला. धुराचे नियमही अमेरिकेत आधीपासून कडक. तात्पर्य, आपण ज्याला यंत्राचा गुण समजतो तो पुष्कळदा अर्थमंत्र्याच्या लेखणीचा गुण असतो.

आता २०२४ च्या आसपासच्या किमतींनी तेच गणित पुन्हा करू. पेट्रोल १०४ आणि डिझेल ९० धरले तर पेट्रोलच्या गाडीला किलोमीटरमागे ८ रुपये ६७ पैसे, डिझेलच्या गाडीला ५ रुपये ६३ पैसे. फरक साधारण तीन रुपयांचा. डिझेलची गाडी दीड लाखाने महाग आहे, आणि ते दीड लाख कर्जाने आणले आहेत असे धरा. बारा टक्के व्याजाने पहिल्या वर्षाचे व्याजच अठरा हजार होते.

आता दोन मित्र घ्या. पहिला शाळेची मुले नेतो. दिवसाला ३० किलोमीटर, वर्षाला २२० दिवस, म्हणजे ६,६०० किलोमीटर. त्याची इंधनातली बचत वर्षाला सुमारे वीस हजार. त्यातले अठरा हजार व्याजात गेले. दोन हजारांत मुद्दल कधी फिटायचे? दुसरा मित्र लांबच्या सहली आणि तालुका-ते-शहर अशा फेऱ्या करतो. दिवसाला १५० किलोमीटर, वर्षाला ३०० दिवस, म्हणजे ४५,००० किलोमीटर. त्याची बचत वर्षाला एक लाख पस्तीस हजारांच्या घरात. त्याचे जादा पैसे दीड वर्षाच्या आत वसूल होतील. या दुसऱ्या मित्राला मी पेट्रोल घे असे कोणत्या तोंडाने सांगू? त्याने डिझेलच घ्यावे. पण पहिल्या मित्राने दुसऱ्याचे पाहून डिझेल घेतले, तर तो फक्त सावकाराची सेवा करील. गाडी ‘धंद्याची’ आहे एवढ्याने काही ठरत नाही. ती रोज किती धावणार, हे आधी विचारले पाहिजे. आणि हाच प्रश्न पारावर कोणी विचारीत नाही.

येथवर पैशाची बाजू झाली. पण माझ्या मते खरी बाजू दुसरीच आहे.

डिझेल इंजिनात इंधन फवाऱ्याने येते आणि हवेत पुरते मिसळण्याआधीच जळू लागते. जेथे हवा अपुरी पडते तेथे काजळी तयार होते. जेथे उष्णता अतिशय असते तेथे हवेतलाच नायट्रोजन जळून विषारी वायू बनतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने जून २०१२ मध्ये डिझेलचा धूर हा माणसात कर्करोग घडविणारा आहे, असे निश्चितपणे जाहीर केले, आणि तंबाखूच्या धुराच्या वर्गात त्याला बसविले. २०१५ च्या सप्टेंबरात फोक्सवॅगन या जर्मन कंपनीची लबाडी उघडकीस आली. तपासणीच्या वेळीच धूर कमी दाखविणारी करामत तिने जगभरातल्या सुमारे एक कोटी दहा लाख डिझेल मोटारींत बसविली होती. ज्या देशात डिझेल इंजिन जन्मले, त्याच देशातल्या एवढ्या मोठ्या कंपनीला ते प्रामाणिकपणे स्वच्छ करणे जड गेले, यावरून ते काम किती अवघड व खर्चाचे आहे याची कल्पना यावी.

आपल्याकडे १ एप्रिल २०२० पासून ‘भारत स्टेज सहा’ हे कडक नियम आले. इंधनातले गंधकाचे प्रमाण दहा लाख भागांत ५० होते, ते १० वर आणले गेले. नव्या डिझेल गाड्यांना काजळी अडविणारी गाळणी आली, मोठ्या गाड्यांत युरियाचे द्रावण फवारून विषारी वायू मारण्याची सोय आली. नियम स्तुत्य आहे. पण त्याचे दोन परिणाम झाले. एक, डिझेल इंजिन आणखी महाग झाले. मारुतीसारख्या सर्वांत मोठ्या मोटार कंपनीने तेव्हापासून डिझेल मोटारी बनविणेच थांबविले. दुसरा परिणाम आपल्या शाळेच्या व्हॅनवाल्या मित्राशी थेट निगडित आहे. त्या गाळणीत साचलेली काजळी अधूनमधून जाळून टाकावी लागते, आणि त्यासाठी गाडी काही वेळ सलग, चांगल्या वेगाने धावून धूर खूप तापावा लागतो. दोन-दोन किलोमीटरवर थांबत, गल्लीबोळांतून फिरणाऱ्या गाडीत हे साधत नाही. गाळणी चोंदते, समोर दिवा लागतो, इंजिनाचा जोर उतरतो आणि गॅरेजचे बिल वाढते. मग कोणीतरी सुचवितो, ‘‘ते डबडेच काढून टाका ना!’’ डबडे काढले की गाडी पळू लागते, आणि तिच्या मागे काजळीही. पी.यू.सी.च्या तपासणीत डिझेल गाडीच्या धुराचा काळेपणा तेवढा पाहतात. विषारी वायूंचे मोजमाप तेथे होतच नाही.

हा धूर कोणाच्या नाकात जातो? मालकाच्या नव्हे, तो पुढे निघून गेलेला असतो. सीट भरेपर्यंत इंजिन चालू ठेवून उभ्या असलेल्या गाडीमागे जे उभे असतात, त्यांच्या नाकात जातो. शाळा सुटल्यावर फाटकापाशी घोळका करून थांबलेल्या मुलांची उंची आणि गाडीच्या धुराड्याची उंची यांत फार अंतर नसते. थांब्यावर पेरू विकणारी बाई दिवसभर तेथेच बसलेली असते. तिने कधी डिझेल की पेट्रोल हा निर्णय घेतलेला नाही, तिला त्या तीन रुपयांतला पैसाही मिळालेला नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात आणि परीक्षेत त्यावर पाच गुणांची टीप विचारतात. टीप लिहून आपण बाहेर येतो, आणि त्याच परिणामात उभे राहून गाडीची वाट पाहतो.

विरुद्ध बाजूनेही काही सांगण्यासारखे आहे, आणि ते दडविणे बरे नव्हे. डिझेल सहजासहजी पेट घेत नाही. पेट्रोलची वाफ एका ठिणगीने भडकते. तेव्हा अपघातात डिझेलची गाडी त्या दृष्टीने सुरक्षित. डिझेल इंजिनाची बांधणी भक्कम, आयुष्य दांडगे. एका लिटरमागे डिझेलचा कार्बन वायू जास्त निघतो खरा, सुमारे २.६ किलो, पेट्रोलचा २.३, पण डिझेलची गाडी त्या लिटरात जास्त धावते, म्हणून किलोमीटरमागे हिशेब डिझेलच्याच बाजूने झुकतो. पृथ्वीचे तापमान ही ज्याची मुख्य चिंता, तो डिझेलची बाजू घेऊ शकेल. शिवाय ट्रॅव्हलरसारख्या मोठ्या गाड्यांत पेट्रोलचा पर्याय आपल्या बाजारात जवळजवळ नाहीच. हे सर्व मला मान्य आहे.

परंतु पेट्रोल नसले तरी ठिणगीचे इंजिन आहे. सी.एन.जी.वर चालणारी गाडी ही ओटोच्याच कुळातली. तिच्यात काजळी नगण्य. दिल्लीतल्या सार्वजनिक बसगाड्या सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या आदेशानंतर २००२ च्या अखेरीपर्यंत या इंधनावर आणल्या गेल्या. तेव्हाही ‘हे जमणार नाही’ म्हणणारे पुष्कळ होते. लहान गाड्यांत तर १९८४ साली आलेल्या मारुती व्हॅनने पेट्रोलवरच पस्तीस वर्षे देशभर मुलांना शाळेत पोहोचविले. पुढे तिचे नाव ओम्नी झाले, आणि २०१९ मध्ये ती बंद झाली. तेव्हा ‘धंद्याची गाडी डिझेलचीच’ हा नियम तेव्हाही सार्वत्रिक नव्हता. सी.एन.जी.च्या अडचणी आहेत : पंपावरच्या रांगा, टाकीने खाल्लेली सामानाची जागा, घाटात थोडा कमी पडणारा जोर. जेथे पंपच नाही त्या तालुक्यात तो पर्याय कागदावरच राहतो. विजेच्या गाड्याही येत आहेत, आणि कमी अंतराच्या, ठरलेल्या मार्गाच्या फेऱ्यांना त्या सर्वांत योग्य ठरतील असे दिसते. पण दारात वीज भरण्याची सोय आणि खिशात पैसा, दोन्ही हवे.

पेट्रोलविषयी आणखी एक गोष्ट आपल्या मातीशी जोडलेली आहे. २०२५ पर्यंत पेट्रोलमधले इथेनॉलचे प्रमाण सुमारे वीस टक्क्यांवर नेण्यात आले, आणि त्या इथेनॉलचा काही भाग उसापासून येतो. इथेनॉलमध्ये लिटरमागे ऊर्जा पेट्रोलपेक्षा सुमारे एक तृतीयांश कमी, त्यामुळे ॲव्हरेज थोडे घटते. साखर कारखान्याला आधार मिळतो, पण उसाला लागणारे पाणी कोणाच्या वाट्याचे, हा प्रश्न उरतोच. शेंगदाण्याच्या तेलापासून निघालेली गोष्ट अशी उसाच्या फडात येऊन पोहोचली आहे. इंधन निवडणे म्हणजे शेती, कर आणि आरोग्य यांविषयी एक मत देणे होय. आपण ते मत न वाचताच देतो, एवढीच तक्रार आहे.

मग करावे काय? माझ्या अल्पमतीप्रमाणे काही सूचना करतो. गाडी घेणाऱ्या मित्राने शोरूममध्ये जाण्याआधी एक वही घ्यावी आणि तीत आपल्या रोजच्या फेऱ्या, किलोमीटर, थांबे आणि वर्षातले खरोखर धंद्याचे दिवस लिहावेत. सुट्ट्या आणि पावसाळ्यातले रिकामे दिवस वगळण्यास विसरू नये. दोन्ही गाड्यांच्या किमतीतला फरक, त्यावरचे व्याज आणि किलोमीटरमागची बचत यांचा गुणाकार-भागाकार आपल्या शालेय गणितात बसणारा आहे. लांब पल्ला आणि भरलेली गाडी असेल तर डिझेल घ्यावे, पण गाळणीला हात लावू नये. गावातल्या गावात, थांबत-थांबत मुले न्यायची असतील तर ठिणगीच्या इंजिनाकडेच जावे. तेथे पैशाने डिझेलचा फायदा जवळजवळ नाही, आणि धुराचा तोटा निश्चित आहे.

पालक आणि शाळा-महाविद्यालयांनी गाडी ठरविताना ‘भाडे किती’ याबरोबर ‘इंजिन कोणते’ हेही विचारावे. आपल्या महाविद्यालयाच्या फाटकापाशी उभ्या राहणाऱ्या गाड्यांनी इंजिन बंद करून थांबावे, असा साधा फलक लावण्यास आणि तो पाळला जाईल हे पाहण्यास कोणत्याही अनुदानाची गरज नाही. विद्यार्थी मंडळाने येत्या वर्षी हे काम अंगावर घ्यावे, अशी मी या पानावरून विनंती करतो. आणि सरकारने कर लावायचा तर इंधनाच्या नावावर न लावता धुराच्या मापावर लावावा. शेतकऱ्याला मदत करायची तर ती त्याच्या हातात द्यावी, सगळ्यांच्या टाकीतून नव्हे.

रुडॉल्फ डिझेलला लहान माणसाची काळजी होती. आज तो असता, तर आपल्या नावाचे इंजिन कोठे वापरावे आणि कोठे वापरू नये, हे त्यानेच आधी सांगितले असते, असे मला वाटते. पुढच्या उन्हाळ्यात आपल्यापैकी कोणी कर्जाच्या कागदांवर सही करायला बसेल, तेव्हा त्याने मामाचा सल्ला आदराने ऐकावा, वहीतला आकडा त्याच्या शेजारी ठेवावा, आणि गाडीच्या मागे कोण उभे राहणार आहे याचाही त्या हिशेबात एक रकाना ठेवावा.